विरुद्ध बाजूचे तीन मार्क

कामठ्याजवळच्या एका शाळेत मी दहावीला इंग्रजी शिकवते. मत मांडणारा परिच्छेद आधी मराठीत लिहून घेते. मुलं त्यात मोकळी होतात. मी स्वतः इंग्रजी माध्यमात शिकले. तिथल्या वादविवाद स्पर्धांत मी कायम श्रोत्यांत बसायचे. बोलायचं धाडस आलं नाही, ऐकायची सवय लागली.

परिच्छेदात आधी विरुद्ध बाजू लिहून मग तिला उत्तर द्यायचं असतं; त्या वर्षी मुलं ती बाजू लिहीतच नव्हती. "मोठ्यांचं म्हणणं लिहायचं आन् मग खोडून काढायचं, बरं दिसते का मॅडम?" एका मुलीनं विचारलं. तिला अकरावीला गोंदियाला जायचं होतं. वडिलांनी ठरवलं होतं, दहावी झाली की पुरे. तिचा परिच्छेदही त्यावरच होता.

मी म्हटलं, "त्यांना विचार. वाचून 'हो, मला हेच म्हणायचं होतं' म्हणतील, असं लिही."

तिनं खरंच विचारलं. वडिलांची बाजू पानभर उतरली होती. गोंदियाहून येणारी संध्याकाळची बस फाट्यावर पोचते तेव्हा अंधार असतो. तिथून गावापर्यंत दोन्हीकडे नुसती धानाची शेतं. लेक त्या रस्त्यानं एकटी येत असताना बापाच्या गळ्याखाली घास उतरणार नाही. खाली तिचं उत्तर नव्हतंच. मी लाल पेनानं दहापैकी तीन दिले.

दुसऱ्या दिवशी वडील वही घेऊन शाळेत आले. ती मागे उभी होती.

"मॅडम, हे तं माह्या मनातलं आहे. खोटं आहे का? मार्क काऊन कापले?"

मी म्हटलं, "तुमची बाजू चांगली लिहिली आहे. तिची स्वतःची राहिली."

"मंग लिव नं बाप्पा," ते तिला म्हणाले. "घरी तं लय तोंड चालते. इथं मुकी झाली का?"

ती बाकावर बसली. वही पुढ्यात ओढली. मग मान वर न करता म्हणाली, "बाबा, रोज फाट्यावर न्याले याल का जी?"

ते खिडकीबाहेर पाहत राहिले. तिच्या बाजूनं बोलावंसं मला फार वाटलं. पण मी फळा पुसायला वळले.

"हा सवाल झाला," ते म्हणाले. "मॅडम जबाब मागून राहिल्या."

ती तशीच पेन धरून बसली.

"लिव," शेवटी ते म्हणाले. "बाबा येतीन म्हणून लिव."

तिनं लिहिलं. तीनचा आकडा बदलायला मी पेन काढलं, तर त्यांनी वही मिटली.

"राहू द्या मॅडम. आधी येऊन दाखवतो."