साहेबाचं आडनाव

लग्नानंतर मला मिळालेलं आडनाव ऐकलं की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात, मग कपाळाकडे. "ख्रिश्चन का?" नाही. "गोव्याच्या?" नाही. आम्ही बौद्ध, रत्नागिरीकडचे. आडनाव मात्र स्कॉटिश. ते आमच्याकडे कसं आलं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मागच्या वर्षी मस्कतमधल्या कुरुमच्या आमच्या ऑफिसात नवे मॅनेजर आले, स्कॉटलंडचे. आडनाव तेच. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र वाचून ते हसले. म्हणाले, "म्हणजे आपण नातेवाईक." त्यांच्याकडच्या जुन्या भाषेत या नावाचा अर्थ होतो वाकडं नाक, हेही त्यांनीच सांगितलं. नातेवाईकच म्हटल्यावर मी त्यांना शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, जेवायला बोलावलं.

तेव्हा सासरे गावाहून आमच्याकडे, अझैब्याच्या घरी, आले होते. घरी जाऊन अर्थ सांगितला, तर त्यांनी हळूच स्वतःचं नाक चाचपलं.

"बाबा, हे आडनाव आलं कुठून?"

"माझा आजा मुंबईत एका साहेबाकडे खानसामा होता. साहेबाचं नाव चिकटलं."

शुक्रवारी पाहुणे आले. सुरमईचं कालवण त्यांनी घाम पुसत पुसत खाल्लं. मोबाइलवर आपल्या घराण्याच्या सगळ्या पिढ्या दाखवल्या आणि सासऱ्यांना विचारलं, "तुमचं कसं?" मी प्रश्न मराठीत समजावून सांगितला. सासरे ताठ बसले. "सांग त्यांना, माझा आजा पलटणीत होता. गोऱ्या साहेबाने त्याला आपलं नाव दिलं."

मी इंग्रजीत सांगून टाकलं. खानसाम्याचं काय झालं, ते मला कळेना.

पाहुणे गेल्यावर विचारलं, "बाबा, खरं कुठलं?"

"काय माहीत. बाप खानसामा म्हणायचा, चुलता पलटण म्हणायचा. पाहुण्यासमोर पलटण बरी वाटली."

"आणि त्याआधी आपलं आडनाव काय होतं?"

"त्याआधी आपल्याला आडनाव विचारत कोण होतं, पोरी? नावापुढे जात लावायचे. तेवढ्यावर त्यांचं काम भागायचं."

मी भांडी आवरायला लागले. साहेबाने नाव दिलं, की बाबांच्या आज्याने ते स्वतःच उचललं, जातीच्या जागी लावायला? अभिमान वाटावा, की लाज? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "मी तर शाळेपासून नुसतं स्पेलिंगच सांगत आलोय."

रविवारी, इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ऑफिसात मॅनेजर म्हणाले, उन्हाळ्यात त्यांच्या आडनावाची सगळी माणसं गावी जमतात, तुम्हीही या. नवरा लगेच तयार झाला. जूनमध्ये इथल्या उन्हातून कुठेही जायला तो तयार असतो. सासरे म्हणाले, "जा की. पण तिथे कोण म्हणून जाणार?"

मॅनेजरना मी अजून काही कळवलेलं नाही.