उशिरा पोचलेला जिताडा

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकच मासा धरला आणि तोही रीळ नीट फिरतंय की नाही हे बघण्याच्या नादात. मासे धरणं हा त्यांचा उद्योगच नव्हे. आमचं घर पुण्यातलं, कित्येक पिढ्यांत कोणी अंड्यालाही हात न लावलेलं. चातुर्मासात आमच्या स्वयंपाकघरातून कांदा-लसूणसुद्धा रजेवर जायचे. आणि मी लग्न केलं ते पेणजवळच्या एका गावातल्या मुलाशी, ज्याच्या घरी मासे नसले की ‘आज जेवायला काहीच नाही’ असं म्हणतात.

बाबांनी लग्नाला विरोध केला नाही. भांडणारा माणूस परवडला, त्याच्याशी निदान भांडता येतं. बाबा भांडत नाहीत, अतिशय सभ्यपणे वागतात, आणि त्या सभ्यपणावर डोकं आपटून काही उपयोग नसतो.

लग्न ठरलं त्या आठवड्यात माझे सासरे पेणहून पुण्याला आमच्या घरी आले, बरोबर थर्माकोलचा एक मोठा खोका घेऊन. त्यांच्याकडे खाडीलगतच्या तळ्यांत जिताडा नावाचा मासा वाढवतात. ज्याला मान द्यायचा त्याच्यासाठी आपल्या तळ्यातला जिताडा काढायचा आणि स्वतः त्याच्या दारात नेऊन द्यायचा, अशी तिकडची रीत. आम्ही शाकाहारी आहोत हे सासऱ्यांना ठाऊक होतं. पण घरात कोणी ना कोणी खातच असेल, नाहीतर शेजाऱ्यांना देतील, व्याह्याकडे रिकाम्या हातानं कसं जायचं, असा त्यांचा सरळ विचार. बाबांनी दारातच हात जोडले. म्हणाले, “माफ करा, आमच्याकडे हे उंबऱ्याच्या आत येत नाही.” सासऱ्यांना मात्र आग्रहानं आत बोलावलं, पोहे दिले, चहा दिला. खोका बाहेर जिन्यात राहिला आणि बर्फ वितळून पाण्याचा ओघळ खालच्या मजल्यापर्यंत गेला. सासऱ्यांनी चहा संपवला, खोका उचलला आणि आल्या वाटेनं पेणला परत नेला. एकही माणूस वावगं बोलला नाही. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. लग्नानंतर लगेचच आम्ही दोघं नोकरीसाठी सिंगापूरला आलो, आणि लेक झाल्यावर तिथल्याच पुंगोल भागात राहायला गेलो. बाबा अधूनमधून येतात. गेल्या खेपेला ते एकटेच आले, कारण आई भावाकडे बंगळूरला, वहिनीच्या बाळंतपणासाठी अडकली होती. एरवी आई मध्ये असते. ती जावयाशी गप्पा मारते, बाबांना टोमणे मारते, आणि घरात दोन पुरुष एकमेकांशी बोलत नाहीत हे झाकून जातं. या वेळी झाकायला कोणीच नव्हतं.

बाबांचं जेवण सात वाजता. आमच्या जेवणाच्या टेबलावर नाही, हॉलच्या खिडकीशी एक घडीचं टेबल आहे त्यावर. मोठ्या टेबलावर एरवी मासे येतात ना! आम्ही जेवायला बसलो की ते उठून खाली ब्लॉकभोवती फेऱ्या मारायला जायचे. “बाबा, आज नुसती पोळी-भाजी आहे, बसा ना आमच्याबरोबर,” असं मी म्हटलं की उत्तर ठरलेलं, “अगं, माझं झालंसुद्धा.” ते असेपर्यंत नवरा घरात मासा आणत नसे. फारच इच्छा झाली तर ऑफिसातून येताना हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर खाऊन, तोंड खळखळून धुऊन यायचा. मी चिडले की म्हणायचा, “राहू दे गं. पाहुणे आहेत ते.” अशानं मला दोघांचाही राग यायचा.

आणि एका संध्याकाळी आमच्या सहा वर्षांच्या लेकीनं, वरणभात कालवता कालवता, मला विचारलं, “आई, पापाचं फूड डर्टी, इज इट? दॅट्स व्हाय आजोबा डोन्ट सिट विथ हिम?”

नवऱ्यानं ऐकलं. तो पाणी प्यायला. मी तिला काहीतरी थातुरमातुर सांगितलं आणि आत जाऊन पाच मिनिटं नळ सोडून उभी राहिले. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. बाबांनी एकदा, फक्त एकदा, या माणसाबरोबर एका टेबलावर जेवावं, आणि ते माझ्या लेकीनं बघावं. तिच्या डोक्यात हे पक्कं बसण्याआधी.

आता नदीचं सांगते. आमच्या ब्लॉकपासून चालत दहा मिनिटांवर एक नदी आहे. समुद्राला मिळायच्या तोंडाशीच तिला बांध घालून अडवलंय. काठाला फरसबंद रस्ता, सायकली, पळणारी माणसं, आणि ठरावीक टप्प्यात गळ टाकायला परवानगी. नवरा शनिवार-रविवार सकाळी तिथे असतो. ऑफिसात आठवडाभर लोकांचं ऐकून घेतो, त्यामुळे दोन दिवस त्याला न बोलणाऱ्यांची सोबत लागते, असं तो म्हणतो. पकडलेले मासे बरेचसे सोडून द्यायचे अशी तिथल्या लोकांची पद्धत. नेण्याला मनाई नाही, पण नेणाऱ्याकडे जरा तिरकं बघतात. जिताडा त्या पाण्यात आहे असं नवरा पहिल्यापासून छातीठोकपणे सांगत आला होता, पण त्याच्या गळाला तो कधी लागला नव्हता. बाजारात मिळतो की, असं मी म्हटलं तर असा चेहरा करायचा, जणू मी त्याला मोदक फ्रोझन आणायला सांगितले.

बाबांचा सकाळचा फेरफटका त्याच काठानं. पहिल्या शनिवारी ते लांबूनच वळले. दुसऱ्या दिवशी मात्र थांबले, कारण त्यांना आवाज ऐकू आला. नवऱ्याचं रीळ करकरत होतं. बाबांनी सगळी नोकरी वीज मंडळात यंत्रांच्या सोबतीनं काढली आहे. करकरणारं यंत्र त्यांना रडणाऱ्या पोरासारखं सहन होत नाही.

“याला तेल कधी घातलंय, जावईबुवा?”

“घालतात का बाबा?” नवऱ्यानं विचारलं. त्याला चांगलं माहीत होतं. पण नऊ वर्षांत बाबांनी आपणहून त्याला काही विचारण्याची ही पहिलीच वेळ.

त्या दुपारी हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून बाबांनी ते रीळ सगळं खोललं. शिलाई मशीनचं तेल, जुना टूथब्रश, माझा भुवयांचा चिमटा. मी बघत होते तर मला बजावलं, “मी फक्त यंत्र बघतोय. माशाशी माझा काही संबंध नाही.” मग त्यांनी गळाचा डबाही उघडला. आमच्या नदीवरच्या पाटीवर लिहिलंय की खरं आमिष चालणार नाही, खोटंच लावायचं. त्यामुळे डब्यात सगळी रबराची कोळंबी आणि प्लास्टिकचे चमचमते मासे. बाबांनी एक कोळंबी चिमटीत धरून उलटसुलट केली. “म्हणजे गांडूळबिंडूळ काही नाही?” नाही म्हटल्यावर त्यांना बरंच वाटलेलं दिसलं. अर्धं पाप वाचलं, असं पुटपुटलेसुद्धा.

त्यानंतर ते नवऱ्याबरोबर जायला लागले. थर्मासात चहा भरून न्यायचे. दोघं शेजारीशेजारी उभे राहून पाण्याकडे बघायचे आणि घरी येऊन दोघंही सांगायचे, मजा आली. काय बोललात, तर काही नाही. एकदाच बोलणं झालं आणि तेही मी नवऱ्याकडून ऐकलं. त्यानं एक मासा धरून परत पाण्यात सोडला, तेव्हा बाबा उसळले, “सोडायचाच होता तर धरलात कशाला? खाणारा निदान पोटासाठी धरतो. हा तर नुसता छळ झाला!”

नवरा म्हणाला, “खायला धरला असता, तर तुम्ही माझ्याबरोबर आला असतात का?”

बाबांनी थर्मासचं झाकण लावलं. परत येताना सबंध रस्ता ते चार पावलं पुढे चालत होते, असं नवरा म्हणाला. मी मनात म्हटलं, संपलं, होतं तेवढंही गेलं. पण पुढच्या शनिवारी सकाळी बघते तर स्वारी बूट घालून दारात उभी.

तो त्यांचा जाण्याआधीचा शेवटचा रविवार. मी आणि लेकही गेलो होतो. लेक स्कूटर चालवत जरा पुढे गेली आणि सपशेल आपटली. गुडघा फुटला. मी जवळ होते, पण तिनं हंबरडा फोडला तो “पापा!” म्हणून. नवऱ्यानं गळ पाण्यात असतानाच काठी बाबांच्या हातात कोंबली. “नुसती धरा बाबा, काही करू नका,” म्हणाला आणि धावला.

काही करू नका म्हटलेलं बाबांनी आजवर कधी ऐकलंय! स्वतः तेल घातलेलं रीळ चालू कामात पहिल्यांदाच हातात आलेलं. ते कसं फिरतंय बघावं म्हणून त्यांनी हळूच मूठ फिरवली. लोण्यासारखं फिरलं. मग त्यांनी आणखी फिरवली. पाण्याखाली ती रबराची कोळंबी, जी निपचित पडलेली होती, ती चालायला लागली.

“अहो! अहो, हे ओढतंय!”

आम्ही वळून बघितलं तर बाबा कंबरेतून वाकलेले, काठीचं धनुष्य झालेलं. नवरा लेकीला कडेवर घेऊनच पळत आला. “घ्या हो, घ्या हे!” बाबा ओरडत होते, पण मूठ सोडत नव्हते. नवऱ्यानं काठी घेतली नाही. लेकीला माझ्याकडे दिलं आणि बाबांच्या मागे उभं राहून त्यांचे खांदे धरले. “आता सैल सोडा. आता गुंडाळा. सावकाश, बाबा.” मासा एकदा पाण्याबाहेर उसळला, पांढराशुभ्र, चकचकीत, आणि नवरा शाळकरी पोरासारखा किंचाळला, “जिताडा!”

मी बाबांकडे बघत होते. तो शब्द त्यांना कळला. चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं की कळला.

बऱ्याच झटापटीनंतर तो जाळीत आला. माझ्या हाताएवढा लांब होता. बाबा फरशीवर फतकल मारून बसले, घामानं डबडबलेले. नवऱ्यानं गुडघे टेकून माशाच्या तोंडातला गळ सोडवला. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो मासा त्याच्या दोन हातांत होता. क्षणभर त्यानं डोळे भरून बघून घेतलं आणि तो पाण्याकडे वळला. सोडायला. बाबा होते ना समोर.

“थांबा,” बाबा म्हणाले.

नवरा थांबला.

“एक परत पाठवला होता मी,” बाबा म्हणाले. “हा नको.”

मला हुंदका आवरेना. लेकीला वाटलं, माझाही गुडघा फुटला. नवरा पुढचं सगळं करत होता तेव्हा बाबा पाठ फिरवून उभे राहिले, पण निघून गेले नाहीत. घरी जाताना पिशवी नवऱ्याकडे, आणि काठी बाबांच्या खांद्यावर.

घरात आल्यावर बाबांनी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि मला म्हणाले, “तुझ्या सासऱ्यांना फोन लाव.” व्हिडिओ कॉलवर पेणचा ओटा दिसला, सासरे बनियनमध्ये. एवढ्या वर्षांत हे दोघं दिवाळी-दसऱ्याच्या शुभेच्छांपलीकडे गेले नव्हते. बाबांनी घसा खाकरला. “नमस्कार. तुमचा जिताडा पोचला,” ते म्हणाले. “जरा उशीर झाला.”

पडद्यावरचे सासरे हलेनात. मला वाटलं रेंज गेली. मग सासऱ्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं, डोळेही पुसले, आणि कोणत्याही पेणकरानं विचारलं असतं तेच विचारलं, “केवढा हो?” बाबांनी दोन्ही हात पसरून दाखवला, खऱ्याहून चांगला वीतभर जास्त. सासरे खूश झाले. म्हणाले, “मसाला बेतानं लावायला सांगा पोराला. जिताड्याला जास्त मसाला लागत नाही.” बाबांनी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन नवऱ्याला तो निरोप जसाच्या तसा दिला.

त्या दुपारी मी चार पानं मोठ्या टेबलावर घेतली. न विचारता. बाबा आले, खुर्ची ओढली, बसले. मधोमध तळलेल्या तुकड्यांचं ताट. त्यांनी त्याकडे बघितलं नाही आणि श्वासही जपून घेत होते, हे मला दिसत होतं. वरणभात नेहमीच्या निम्मा खाल्ला, ताक दोन वाट्या प्यायले. हे त्यांना सोपं जात नव्हतं, आणि म्हणूनच मला ते इतके जवळचे वाटले. लेक एकदा त्यांच्याकडे, एकदा पापाकडे बघत होती. मग तिनं आपलं ताट दोघांच्या मधे सरकवलं आणि काटे काढायला पापापुढे केलं.

बाबांचं जेवण कधीच आटोपलं होतं. हात वाळला होता. नवरा घास संपवत होता, लेक तर तासभर खाते. मी मनातल्या मनात म्हणत होते, आता उठतील, आता उठतील. लेकीनं शेवटचा तुकडा खाल्ला, बोटं चाटली. नवऱ्यानं ताट उचललं. मग बाबा उठले.