दोन पाणबुड्यांचा चित्रकार

वासुदेव तांडेल एक्क्याण्णव साली अबुधाबीच्या मुसफ्फाला आला, तो टँकर रंगवायला. वेंगुर्ल्यात दशावताराचे पडदे रंगवणारा त्याचा हात इथे पत्र्यावर कंपन्यांची नावं काढू लागला. अक्षरं आखून द्यायचा दाभोळचा अलीमियाँ. इंग्रजी असो की अरबी, त्याच्या ब्रशखालून अक्षर असं वळणदार उतरायचं की बघत राहावं. जेवणाच्या सुट्टीत वासुदेव पुठ्ठ्यांवर चित्रं काढी आणि अलीमियाँ त्यातल्या माणसांच्या तोंडी वाक्यं घाली. हसता हसता दोघांचा एकमेकांवर जीव जडला. आपलं मन बाईकडे नाही, पुरुषाकडे ओढ घेतं, हे वासुदेवला गावातच उमगलं होतं. ते कुणाला तरी सांगता येतं, हे मात्र इथे कळलं. आणि अलीमियाँला सांगून होताच भीतीही आली. बाहेर फुटलं तर आधी जेल, मग परतीचं विमान.

त्या पुठ्ठ्यांवरच गोपी आणि जासिम जन्मले. मोती काढणारे दोन पाणबुडे. एक खाली गेला की दुसरा होडीत त्याची दोरी धरून बसे. दुबईत भारतीय मुलांसाठी इंग्रजी मासिक काढणाऱ्या शहनाझ मॅडमनी कुणाकडे तरी ती चित्रं पाहिली आणि दोघांनाही नोकरी दिली. दुबईतच रास अल खोरला छापखान्याच्या माळ्यावर त्यांची टेबलं समोरासमोर लागली. गोपी-जासिमची चित्रमालिका सुरू झाली आणि ऊद मेथा भागातल्या शाळांतली पोरं पुढच्या अंकासाठी आईबापांचं डोकं खाऊ लागली. दोघं एका खोलीत राहत. कुणी विचारलंच तर, “रूम पार्टनर.” वासुदेवच्या आयुष्यातली तीच काय ती सुखाची वर्षं.

दोन हजार साली त्यानं एक चित्र काढलं. वादळ शमलंय, दोघं होडीत झोपलेत, जासिमचं डोकं गोपीच्या खांद्यावर. अंक बाहेर पडला आणि मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

“पेरेंट्सचे फोन येतायत, वासुदेव. मी काही विचारणार नाही, तुम्हीही सांगू नका.”

“थकून झोपलेत ते, मॅडम.”

“जासिमला मारा. मालकांची ऑर्डर आहे. नाहीतर दोघांचे व्हिसे कॅन्सल. पुढे कुणी चौकशी लावली, तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही.”

अलीमियाँ जिन्यात उभा होता. त्याला सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, “नको काढूस, वासू. आपण निघून जाऊ. पुन्हा टँकर रंगवू.”

“आणि चौकशी लागली तर?”

वासुदेवनं चित्र काढलं. गोपीच्या हातातून दोरी सुटते आणि जासिम काळ्या पाण्यात जातो. जासिमचे शेवटचे शब्द अलीमियाँनंच लिहिले, एकही अक्षर न चुकता. मग ब्रश धुतला आणि एकटाच खोलीवर निघून गेला.

पुढच्या महिन्यात एका शाळेनं वासुदेवला चित्रं काढून दाखवायला बोलावलं. पहिल्या बाकावरच्या मिहिकानं हात वर केला. “अंकल, व्हाय डिड यू किल जासिम?”

“बेटा, स्टोरीत तसं होतं कधी कधी.”

“बट गोपी वॉज होल्डिंग द रोप!”

वासुदेवनं खडू खाली ठेवला. पोटात दुखतंय असं बाईंना सांगून तो निघाला तो थेट खोलीवर आला. अलीमियाँची बॅग भरलेली होती.

“घरच्यांनी मुलगी बघितलीय,” अलीमियाँ म्हणाला. “आजवर टाळत होतो. आता हो म्हटलं.”

“माझ्यावर रागावून जातोयस?”

“राग नाही रे. तू घाबरलास, मीही घाबरलोच. पण तुझ्यासमोर बसलो की बुडाल्यासारखं होतं.”

वासुदेवनं त्याचे हात धरले, पाय धरले, लहान पोरासारखा रडला. अलीमियाँही रडला. पण गेलाच.

एकट्या गोपीत पोरांना रस उरला नाही. मालिका बंद झाली, पाठोपाठ नोकरी गेली आणि वासुदेव फिरून मुसफ्फाच्या कामगार कॅम्पात आला. एका शुक्रवारी दुपारी न राहवून त्यानं टेलिफोन बूथमधून दाभोळला फोन लावला. बाईचा आवाज आला, “मैमुनाबी बोलतेय. कोण?”

“अबुधाबीहून. कंपनीतून.”

अलीमियाँनं फोन घेतला. “बोला साहेब.”

“अली, मला इथे जगवत नाही रे.”

“हां साहेब.”

“एकदा वासू म्हण.”

पलीकडे तान्हं मूल रडत होतं. अलीमियाँ म्हणाला, “साहेब, ते काम आता माझ्याकडनं व्हायचं नाही.” आणि अगदी हळू, “जेवत जा वेळेवर.”

बाहेर रांगेतल्या माणसानं काचेवर टकटक केलं. “यल्ला भाई, जल्दी, खलास?”

वासुदेवनं रिसीव्हर ठेवला. त्यानं दाभोळला पुन्हा फोन केला नाही. टँकरवरची नावं तो पुढेही रंगवत राहिला. माणसाचं चित्र मात्र त्याच्या हातून पुन्हा उतरलं नाही.