काचेत कोंडलेली आई

वंदी गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबरनाथच्या घरी मेथी निवडत होते. माझी धाकटी बहीण, माझ्या आधी गेली... रडू आलंच, पण त्याच्याही आधी संताप आला. खोटं कशाला बोलू?

शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झाल्यावर ती बदलापूर गावातल्या अंगणात चिखल, पेंढा आणि शेण कालवून बायका घडवायची. मातीत नाचणीचे दाणे मळायची. पावसात त्या बाईच्या खांद्यावर, पदरावर हिरवे कोंब फुटायचे, दिवाळीपर्यंत ते सुकायचे, मग नाक झडायचं, हात गळायचे... उरलेली माती बांधावर टाकून ही हात झटकून मोकळी! "अगं, एक तरी ठेव," मी ओरडायचे. ती म्हणायची, "ताई, ठेवली की मेलीच ती."

एका वर्षी तिने आमची आई घडवली, हुबेहूब. खरवईच्या एका बिल्डरने ती नव्या टॉवरसाठी मागितली. वंदीची अट एकच: उघड्यावर ठेवायची, आणि झडलेली माती मला परत द्यायची. "मॅडम, तुम्ही सांगाल तसं," शेठ म्हणाला. आणि मेल्याने केलं काय? वॉर्निशचे तीन हात मारून लॉबीत काचेच्या पेटीत बसवली! वंदीने दोन वर्षं खेपा घातल्या. वॉचमन आत सोडेना. दम लागायचा तिला, तरी रिक्षा करून जायची. हॉस्पिटलातही माझा हात धरून तेच... "ताई, आई गुदमरत असेल गं." मी तिथेच त्या माणसाला शिव्या घातल्या. अजून घालते.

महिन्याभराने त्याच लॉबीत त्याने शोकसभा ठेवली. आता मात्र मला न्यायला गाडी! पेटीला हार, पुढे समई. "मॅडम गेल्या, पण त्यांची कला आम्ही अमर केली," असं माइकवर बोलला. मी पर्समध्ये वरवंटा घेऊन गेले होते. हो, खरंच. काच फोडायचीच होती. पण जवळ गेले आणि थबकले. आईच्या पायाशी वॉर्निशला बारीक भोक पडलं होतं. तिथून मातीची एक ओली रेघ पेटीच्या तळातून बाहेर येऊन त्याच्या महागड्या लाकडी भिंतीवर चढली होती. वाळवी! आतला पेंढा खाऊन ती पुढे निघाली होती. आई आतून केव्हाच सुटायला लागली होती.

कुणालाच दिसलं नव्हतं. वंदी असती तर तिने सांगून टाकलं असतं, भोळी होती ती. मी नाही. मी पर्सची चेन लावली, हात जोडले आणि म्हटलं, "शेठ, हिला अजिबात हात लावू नका हं. आहे तश्शी राहू दे."