बुडवून ठेवलेली नाव

बालाघाट शहराच्या खाली, वैनगंगेच्या काठी माझं नावा दुरुस्त करायचं ठिकाण होतं, असं सांगितलं की आता लोक हसतात. इथे कुठल्या नावा, म्हणतात. पूल नव्हता तेव्हा पलीकडच्या गावांचं धान, बकऱ्या, नवरदेव, बाळंतिणी, सगळं नावेतूनच यायचं. आणि नाव म्हटली की ती कधी ना कधी फुटतेच.

मी चौथीपर्यंत शिकलेला. बांबू वाहून सुरुवात केली आणि लाकडाच्या डेपोत घासाघीस करत करत काठावरची रेताड जागा घेऊन दोन छपऱ्या उभ्या केल्या. लाकूड मी आणायचो. फळी ठोकून आतली पोकळी सांगायचो आणि विकणाऱ्याला घाम फुटल्याशिवाय उठायचो नाही. हातकाम मात्र मिस्त्रीचं. तो पलीकडच्या गावचा ढीवर, जन्म मासेमारीत आणि नावेत गेलेला, माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठा.

होळीनंतर नदी उतरली की नावा रेतीवर ओढून उलट्या करायच्या. सडकी फळी काढून नवी ठोकायची, फटींत अंबाडीचा वाख भरायचा, वरून तेलात उकळलेली राळ. वाख मिस्त्री नेहमी सैल भरायचा. मग नाव सरळ करून, तिच्यात दगड घालून, उथळ पाण्यात आठ दिवस बुडवून ठेवायची. उन्हाने आकसलेलं लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि फटी आपोआप मिटतात. नाव वर काढली की पहिल्या फेरीला तिच्यात फक्त आम्ही दोघं बसायचो. ज्याने लाकूड आणलं तो आणि ज्याने जोडलं तो. ती फेरी झाल्याशिवाय घाटावर दुसरं कोणी तिच्यात पाय ठेवत नसे. भर पाण्यात मिस्त्री वल्हं थांबवायचा आणि मळलेल्या तंबाखूतली अर्धी माझ्या हातावर ठेवायचा. दुसऱ्या कोणी मला न मागता काही दिल्याचं आठवत नाही.

त्या वर्षी घाटाची मोठी नाव उशिरा आली. पाऊस तोंडावर होता आणि मी घाटवाल्याला, म्हणजे उताराच्या ठेकेदाराला, चार दिवसांचा शब्द देऊन बसलो होतो.

"वाख ठासून भरा, मिस्त्री. मंग बुडवाची गरजच नाही."

"लाकूड तहानलं हाय, भाऊ. पानी पेल्यावर थे जागा मांगन."

"मांगू द्या. तुमी हातोडी चालवा."

त्याने हातोडी उचलली. "हौ," म्हणाला आणि ठासायला लागला. एकदाच बोलला, दुसऱ्यांदा नाही. माझी तक्रार आजही तीच आहे. ज्याला कळत होतं त्याने माझा हात धरायला हवा होता.

पहिली फेरी नीट झाली. तिसऱ्या दिवशी बाजार होता, घाट माणसांनी भरलेला. लोक चढणार तोच बांधलेल्या नावेत काडकन आवाज झाला. लाकूड फुगलं होतं आणि वाखाने त्याला जागा ठेवली नव्हती. खिळे उचकटले, एक फळी बाहेर आली आणि नाव पाणी भरून काठालाच बसली.

"काहो शेठ, नाव हाय का चाळनी?" टोपलीवाली एक बाई म्हणाली आणि सारा घाट हसला.

माझं डोकं फिरलं. "मले काय इचारता? मिस्त्रीचं काम हाय. म्हातारा झाला, हात गेला त्याचा!"

मिस्त्री तिथेच उभा होता. त्याने पटाशी, हातोडी टोपलीत टाकली आणि एका डोंग्यात बसून पलीकडे निघून गेला.

नंतर मी दोन मिस्त्री आणले. दोघांशी भांडलो. पहिल्या फेरीला एकटाच बसू लागलो. पुढच्या वर्षी दसरा झाल्यावर पलीकडे मिस्त्रीच्या गावी गेलो. तो पडवीत जाळं विणत होता.

"या शेठ," तो म्हणाला. आजवर भाऊ म्हणायचा.

"अर्धी जागा तुमची. लिहून देतो. चला."

"जागेचा भाव नोका करू. हात गेला म्हनलं, थे वापस घ्या."

"घेतलं. चुकी माही होती. झालं?"

"इथं कोन आयकून राह्यलं? बकरी? घाटावर बोलले, घाटावर वापस घ्या. बाजाराच्या दिवशी."

"दोघांतलं दोघांत मिटवू ना."

"तवा आपन दोघंच होतो का?"

मी उठलो. सौद्यातून उठून निघालं की समोरचा मागून हाक मारतो, हा माझा जन्माचा अनुभव. बांधापर्यंत हळूहळू चाललो. हाक आली नाही.

पुढे किती बाजार मी ते वाक्य तोंडात घेऊन घाटावर गेलो. दरवेळी कोणीतरी चाळणीची आठवण काढायचं, माझं रक्त तापायचं आणि मी परत फिरायचो. अशीच वर्षं गेली. मग पूल झाला. बस सुरू झाली.

एका बाजाराच्या दिवशी मी ठरवूनच गेलो. घाटावर एकच माणूस होता, म्हशी धूत. त्यालाच मी मोठ्याने सांगितलं, "मिस्त्रीचा हात चांगला होता. चुकी माही होती."

"कोन मिस्त्री?" त्याने विचारलं.

अट त्याची होती. भरलेला घाट मी आता कुठून आणू?

छपरीसमोर माझी शेवटची नाव दगड घालून बुडवलेली होती. आठ दिवस केव्हाच होऊन गेले होते. ती वर काढायला दोन माणसं लागतात. म्हशीवाल्याला हाक मारावी असं मनात आलं. नाही मारली.