पद्माक्काचं धनुष्य आणि कृष्णाजीचा पाना

चिकपेटेत बटणं, हुक आणि नाडीची बंडलं विकणारा कृष्णाजी फोडणीलासुद्धा भ्यायचा. मोहरी तडतडली की हा स्वयंपाकघराबाहेर. दिवाळीत फुलबाजी लावायची तर काठीला बांधून. अशा माणसाच्या घरात खुंटीला अमेरिकेचं धनुष्य लटकत होतं, आणि ते चालवायची त्याची बायको. गल्लीला आणखी काय हवं?

धनुष्य आणलं होतं पद्मावतीच्या अमेरिकेतल्या भावानं, प्रवीणकुमारनं. रामाच्या तसबिरीतलं नव्हे बरं का. याच्या दोन्ही टोकांना चाकं, चाकांवरून पोलादी तारा आणि तारांना अडकवलेली दोरी. ओढायला इतकं कठीण, की स्वतः प्रवीणकुमारची पाठ धरली आणि रजेतले चार दिवस तो बाम चोळत पडून राहिला. तालमीतली पोरं आली, तोंडं लाल करून गेली. मग पद्मावती पदर खोचून पुढे झाली, ‘‘द्या बघू स्वल्प,’’ म्हणाली आणि दोरी गालापर्यंत ओढून, तशीच सावकाश परत सोडून दाखवली. लग्न होऊन आल्यापासून ती खालच्या नळाचं पाणी कप्पीवरून दुसऱ्या मजल्यावर ओढत होती. दंड कुठे कमावले, हे विचारायची गरजच नव्हती.

तेव्हापासून दर रविवारी नवरा-बायको यशवंतपूरला, कृष्णाजीचा दोस्त मल्लाप्पा याच्या लेथच्या शेडमागे. काथ्या ठासून भरलेली पोती आणि पद्मावतीचे बाण. कृष्णाजी मागे उभा राहून नेम बघतो, असं तो सांगायचा. खरं म्हणजे डोळे घट्ट मिटून उभा असायचा. बाण पोत्यात रुतल्याचा आवाज आला की डोळे उघडायचा, आणि गाभाऱ्यासमोर उभं राहिल्यासारखा तिच्याकडे बघत राहायचा. लग्नाच्या बायकोकडे असं बघणारा दुसरा नवरा गल्लीत नाही. रीतसर चौकशी झालेली आहे.

घोळ झाला तो आयुधपूजेमुळे. शहाण्णवच्या दसऱ्याला पद्मावतीनं विळी, शिलाई मशीन, लुना आणि धनुष्य एका ओळीत मांडलं आणि सगळ्यांना सढळ हातानं हळदकुंकू लावलं. धनुष्याच्या दोरीला तर वरपासून खालपर्यंत. दोरी लालभडक झाली आणि तशीच राहिली. पुढच्या पावसाळ्यात कृष्णाजी ती ओल्या फडक्यानं पुसायला बसला. कुंकू निघालं तसे त्याखाली दडलेले तुटके पदर वर आले. जन्म दोऱ्यांच्या धंद्यात गेलेला माणूस, त्याला दुसऱ्यानं समजावायला नको होतं. दोरी ओढली की ती पद्मावतीच्या गालाला टेकायची. त्यानं बायकोच्या गालाकडे एकदा बघितलं आणि धनुष्य चादरीत गुंडाळून कपाटात टाकलं. वर कुलूप.

‘‘म्हणजे माझं धनुष्य बंद?’’

‘‘दोरी बदलेपर्यंत.’’

‘‘मग बदला की! परकराची नाडी ओवता तशी ओवा.’’

तिथेच तर गोम होती. बांबूचं धनुष्य गुडघ्यावर वाकवलं की दोरी निघते. याची वरची-खालची पाती कायमची ताणलेली. ती दोन्हीकडून सारखी दाबून धरणारी प्रेस असेल तरच दोरी सैल पडते, नाहीतर हात लावायचं काम नाही. कृष्णाजीनं ओळखीपाळखीत सगळीकडे विचारलं, कुणाकडे नव्हती. शेवटी प्रवीणकुमारनं अमेरिकेहून कॅटलॉग धाडला. दसऱ्याला येणार होता, बॅगेत एकच प्रेस बसणार होती.

झालं, कृष्णाजी प्रेस अशी बघायला लागला, जशी लोक मुलीसाठी स्थळं बघतात. टेबलाला कायमची ठोकायची ती पहिल्याच दिवशी नापसंत. घरात टेबल एक, त्यावर टीव्ही. उरल्या दोन सुटसुटीत. एक लिव्हरची, खटक खटक की काम फत्ते. दुसरी म्हणजे पोलादी तार, तिच्या टोकांना दोन आकडे आणि मध्ये आट्यांचा लांब स्क्रू. पान्यानं पिळत बसायचं, पाती मुंगीच्या पावलानं वाकणार.

‘‘भावजी, लिव्हरचीच घ्या,’’ प्रवीणकुमार फोनवर म्हणाला.

‘‘पण मध्येच हात सुटला तर?’’

‘‘का सुटेल?’’

‘‘कुणी हाक मारली तर?’’

फोन शेजारच्यांचा, तेव्हा संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. हातात चहाचा कप दिसला रे दिसला की कुणीतरी मागून ओरडायचं, ‘‘कृष्णाजीअण्णाऽऽ!’’ कप सुटतो का, बघायला.

मल्लाप्पा म्हणाला, ‘‘प्रेस कशाला, अण्णा? दोन गडी इकडून, दोन तिकडून. मी आहे ना, सरी? ठरलं?’’

‘‘आणि त्यातल्या एकाला शिंक आली तर?’’

मल्लाप्पा नाक चोळू लागला.

पद्मावतीचा मात्र धीर सुटला. ‘‘तुमचं ठरेपर्यंत माझ्या हातातला जोर जाईल. परवा बादली जड लागली मला.’’

हे त्याला लागलं. रात्रभर कूस बदलत राहिला, पण सकाळी म्हणाला तेच, ‘‘मध्येच सोडून उठता येईल, तीच आणायची.’’ दुकानातल्या टेपनं त्यानं पात्याची रुंदी घेतली, आकड्यात बसते याची खात्री केली आणि स्क्रूची प्रेस मागवली.

आयुधपूजेच्या आदल्या सकाळी टीव्ही खाली उतरला. जिन्यावर गल्ली, दारात मल्लाप्पा, भिंतीला पाठ लावून प्रवीणकुमार. कृष्णाजीनं लुनाचं हेल्मेट घातलं. कुणीतरी फिस्सकन हसलं. त्यानं आकडे पात्यांना लावले, हलवून बघितले, पुन्हा बघितले आणि पाना फिरवू लागला. पाती कुरकुरली, तसं हसू थांबलं. अर्धं काम झालं असेल नसेल, खालून आरोळी आली.

‘‘पाणी आलंऽऽ!’’

दोन दिवस न आलेलं पाणी! जिना क्षणात रिकामा. पद्मावती दाराकडे धावली आणि थबकली. ‘‘अहो, वर बादली धरायला कोण?’’

कृष्णाजीनं पान्यावरचं एक बोट उचललं. मग दुसरं. मग अख्खा हात. धनुष्य हललं नाही. तो उठला आणि हेल्मेटसकट बादल्या धरायला गेला.

ओल्या पावलांनी माणसं परतली तेव्हा धनुष्य होतं तसंच होतं. तालमीच्या पोरांना दमवणारी ती ताकद वाकून, कुणाचाही हात नसताना, त्या बोटाएवढ्या जाड स्क्रूच्या आट्यांवर निमूट बसली होती. प्रवीणकुमार तिथेच खिळला होता. ‘‘मी श्वाससुद्धा हळू घेत होतो,’’ म्हणाला. मल्लाप्पानं तर चपला काढल्या. का, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

कृष्णाजीनं पाना पुन्हा हातात घेतला. थोड्या वेळानं दोरी हळूच सैल पडली, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबली. पद्मावतीनं जुनी काढली, नवी अडकवली. दुसऱ्या दिवशी तिनं कुंकू लावलं ते फक्त धनुष्याच्या मुठीला, आणि आठवणीनं पान्याला.

पुढच्या रविवारी शेडमागे तिनं नवी दोरी गालापर्यंत ओढली. मल्लाप्पानं सवयीनं कृष्णाजीकडे बघितलं. अण्णाचे डोळे टक्क उघडे होते. बाण सुटला, पोत्यात शिरला, पिसं थरथरून थांबली. ते सगळं त्यानं पहिल्यांदाच पाहिलं, आणि तोंडाचा आ मिटायला त्याला बराच वेळ लागला.

हेल्मेट मात्र डोक्यावर होतं.