उकळत्या रश्शापुढचा सत्कार

मस्कतमधल्या एका चिनी हॉटेलात पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही दोघं तो रस्सा सूप समजून प्यायलो. टेबलात बसवलेल्या शेगडीवर चिनी मुलीनं पातेलं ठेवलं, भोवती कच्च्या भाज्या, मासे, मांसाच्या पातळ चकत्या मांडल्या आणि ती निघून गेली. आम्ही लिंबू मागवलं, पिळलं, वाट्या भरल्या. माझा मित्र म्हणाला, "सार बरं आहे. भात कधी आणणार ही?" पातेलं निम्मं झाल्यावर मुलगी परत आली. तिनं किटलीतून पुन्हा रस्सा ओतला आणि एक कोळंबी चिमट्यानं आत सोडून दाखवली. तेव्हा कुठं आम्हांला कळलं की जेवण अजून सुरूच व्हायचं होतं.

मित्र दापोलीकडच्या समुद्राकाठचा, मुसलमान, मी साताऱ्याचा. मस्कतला बांधकाम साहित्याच्या एकाच कंपनीत आम्ही बरीच वर्षं काढली आणि वादी कबीर भागातल्या एकाच इमारतीत राहिलो. बायकामुलं भारतात परतल्यावर शुक्रवारचं जेवण या उकळत्या पातेल्याचं, म्हणजे हॉट पॉटचं, ठरून गेलं. तो जुम्म्याची नमाज आटोपून यायचा, तोवर मी टेबल धरून रस्सा उकळत ठेवायचो. बाहेर स्टिअरिंगला रुमालाशिवाय हात लावता येऊ नये असं ऊन, आणि आत आम्ही हौसेनं वाफेत तोंड घालून बसलेलो.

कंपनीच्या मेजवान्या मी पुष्कळ खाल्ल्या आहेत. तिथं बर्फाचा हंस असतो, कलिंगडाचं कमळ असतं, आणि अन्न इतकं नटवलेलं असतं की ते आपल्यासाठी नसून कुणाच्या तरी लग्नाला निघालंय असं वाटावं. इथं कोबीची पानं कोबीच्या पानांसारखी दिसतात. पातेल्याच्या मधोमध एक बांध असतो. एका बाजूला माझा लालभडक रस्सा, दुसऱ्या बाजूला त्याचा पांढरा, कारण त्याला पित्ताचा त्रास. बांधावरून भांडण झालं नाही असं शेत आमच्या तालुक्यात सापडणार नाही. इथं तो सुखानं नांदत होता.

जो तो आपलं शिजवतो, पण लक्ष दुसऱ्याच्या घासावर. मी बशी उचलून सगळं एकदम लोटायचो. मित्राला ते सहन व्हायचं नाही. "घाट्या, कोळंबी आहे ती, शेंगा नाहीत उकडायला," म्हणत तो माझ्या बाजूची कोळंबी वेळेवर काढून माझ्याच वाटीत टाकायचा. सगळ्यांचे डोळे पातेल्यावर असतात, त्यामुळं एकमेकांकडे बघावं लागत नाही. या जेवणाचा मला सर्वांत आवडलेला गुण हाच.

"कंपनीनं सांगितलं. महिनाअखेर खलास," एका शुक्रवारी मशरूम शोधता शोधता तो म्हणाला.

"मग?"

"मग काय, गाव. आंब्याकडे बघेन. तुझं मांस बघ, वातड होतंय."

थोड्या वेळानं त्यानं एकच गोष्ट मागितली. मराठी मंडळाला आपला सत्कार करू द्यायचा नाही. मंडळाच्या नाटकांना स्टेजसाठी प्लायवूड तोच मिळवून द्यायचा, त्यामुळं सत्कार अटळ होता. मागच्या वर्षी एका निवृत्त गृहस्थांना आम्ही मंचावर पाहिलं होतं. ते उत्तर द्यायला उभे राहिले आणि रडायलाच लागले. निवेदिका "सर भावुक झालेत" असं माइकवरून सांगत राहिली आणि समोर मोबाइल वर झाले.

"माझंही तेच होणार रे," मित्र म्हणाला. "मला उभं करू नका. शेवटच्या शुक्रवारी आपण दोघं इथं जेवू, बस."

"इन्शाल्ला," मी म्हणालो.

"पगारवाढ मागितली की आपला अर्बाब, मालक म्हणतो तसलं इन्शाल्ला नको. नक्की सांग."

"नक्की."

शेवटच्या शुक्रवारी तो दारातून आत आला तो मान खाली घालून, आणि त्याच्या मागून मंडळाचे अध्यक्ष आले. भर उन्हाळ्यात कोट, हातात पिशवी. त्यांना कुणी सांगितलं ते कळलं नाही. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये गुपित दुसऱ्या मजल्यापर्यंत टिकतं. मित्रानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली: मी नाही.

"बसा, बसा, घरचाच कार्यक्रम आहे," म्हणत अध्यक्ष स्वतः उभेच राहिले. पिशवीतून शाल, नारळ आणि घडी घातलेला कागद निघाला. "सन्माननीय व्यासपीठ," त्यांनी सुरुवात केली. व्यासपीठावर त्या वेळी पालक, टोफू आणि कोळंबी होती. शेजारचं ओमानी कुटुंब घास थांबवून बघू लागलं. "आज आपल्यातून निघून जाणारे..." इथवर ते आले, आणि मित्राची हनुवटी हलायला लागली. त्यानं हातातल्या काड्या खाली ठेवल्या. आता तो उठणार हे मला दिसलं.

मी कोळंबीची बशी उचलली आणि सगळी एकदम पातेल्यात लोटली. तिच्यामागून मासे, मग मांस.

मित्र पाहत राहिला. पण कोळंबीपुढं त्याला फार वेळ गप्प बसता येईना. "अरे मेल्या, काय केलंस हे," म्हणत त्यानं झारा उचलला. "साहेब, आधी बसा. ही आत्ता खायला हवी, नंतर रबर."

"दोनच मिनिटं, भाषण..."

"भाषण रबर होत नाही. वाटी पुढं करा."

अध्यक्ष बसले. चष्म्यावर वाफ धरली, कागद वाचता येईना, तो त्यांनी खिशात घातला. तिसऱ्या वाटीला टाय सैल केला आणि लाल बाजूत काय काय घालतात याची चौकशी सुरू केली. खरं तर माणूस वाईट नाही. माइक काढून घेतला की चांगली सोबत आहे.

तरी शाल-श्रीफळ दिल्याशिवाय ते हलणार नव्हते. मित्रानं बसल्या बसल्याच शाल घेतली आणि खुर्चीच्या पाठीवर टाकली. "नारळ तर कंपनीनं आधीच दिलाय, साहेब," तो म्हणाला, पण तोही घेतला आणि सवयीनं कानाशी हलवून पाहिला. "पाणी आहे." मग त्यानं त्या चिनी मुलीला बोलावून खुणांनी काहीतरी समजावलं. आतून सुऱ्याचे दोन दणके ऐकू आले. वाटीत पाणी आणि बशीत खोबऱ्याचे तुकडे घेऊन ती परतली. दोन्ही त्यानं आपल्या पांढऱ्या बाजूत सोडलं.

"अहो, तो सत्काराचा होता," अध्यक्ष म्हणाले.

"मग वाया कुठं गेला?"

रस्सा पुन्हा उकळायला लागला. मित्र झाऱ्यानं तुकडे हलवत होता. "बरी गेली वर्षं," तो पातेल्याकडे बघत म्हणाला. "चांगली माणसं भेटली. नाही भेटली तरी चाललं असतं, पण भेटली." टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, अध्यक्षांच्या दोन्ही हातांत वाटी होती. मित्राचे डोळे भरले होते. त्या वाफेत आमचेही तसेच दिसत असणार.

मग त्यानं एक तुकडा बांधावरून अलीकडे आणला आणि माझ्या वाटीत टाकला. "घे," तो म्हणाला, "खोबरं शिजलं."